टेकू

छताचं हाड आधी शोधावं लागतं.
हडर्सफील्डच्या ह्या दगडी, एकमेकांना चिकटलेल्या घरांत
प्लास्टर पोकळ वाजतं.
कलिंगड निवडावं तशी बोटानं ठोकत गेले
आणि आवाज घट्ट झाला तिथं पेन्सिलीची फुली मारली.
तिथंच उभा केला. पंचेचाळीस मिलीमीटर, पितळी, जुना,
वेकफील्डच्या एका बाईकडून घेतलेला,
जिला जुळी होणार होती.

चढण्याआधी दर वेळी पाना फिरवून बघायचा.
अर्धा आटा सैल झाला तरी तो आपणहून सांगत नाही.
अंगाला क्रीम नको, आदल्या रात्रीचंसुद्धा.
अंगठी, बांगडी काढून ठेवायची; ओरखडा कायमचा राहतो.
स्पिरिटनं पुसायचा, वरून खाली,
डोक्याच्या उंचीवर दोनदा,
हात तिथंच घाबरतात.
हिवाळ्यात आधी हीटर लावून त्याला माणसात आणायचं,
गार पितळ मांडीला चावतं.

दिवसभर परक्या तोंडांच्या कवळ्या घडवल्यावर
एकोणपन्नासाव्या वर्षी
बुधवारी साडेआठ ते सव्वानऊ
मी जमिनीवर नसते.
फार नाही, दोन-अडीच फूट.
गुडघ्यामागचं निळं-पिवळं बघून डॉक्टरीणबाईंनी दार लावलं,
हळूच विचारलं, घरी सगळं ठीक ना?
मला हसू आलं.
तेही त्यांनी लिहून घेतलं.

आईला तो फोनवर दिसला, माझ्या खांद्यामागे.
हा कसला गं खांब?
टेकू आहे, म्हटलं. छत जुनं आहे.
बरं, म्हणाली.
मग दर रविवारी छताची चौकशी.

मार्चात ती आली,
बॅगेत मेतकूट, कुळथाचं पीठ, पितांबरीची दोन पाकिटं.
तिसऱ्या दिवशी कामावरून परतले तर
टेकू समईसारखा लखलखत होता.
कौतुक केलं. जेवलो.
ती वर झोपली असं समजून
हात घातला, पाय उचलला
आणि आले ती थेट माकडहाडावर.

जिन्यात आई. लागलं?
काय लावलंस ह्याला?
एरंडेल. बोटभरच. कोपऱ्यावरच्या दुकानात
केसांचं म्हणून विकतात.
मल्लखांबाला लावतातच की.
दिनूच्या तालमीत वाटी मीच धरायचे,
उंबऱ्याबाहेर उभी राहून,
परकराला हात पुसत.

टेकूबद्दल दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही.

रात्री अकरापर्यंत तेल काढत बसलो.
स्पिरिटचे बोळे, ती खालून, मी शिडीवरून.
लाकूड पितं, मी सांगत होते, पितळ पीत नाही.
म्हणजे तुम्ही कोरड्यानं धरता?
हो. कातडीनं.
तिनं तळहात उलटेपालटे करून पाहिले.
मग बांगड्या उतरवल्या
(हे मी तिला सांगितलं नव्हतं)
फ्रीजवर ठेवल्या
आणि दोन्ही हातांनी खांब धरून उभी राहिली.
पाय जमिनीवरच. स्वेटर, साडी, लोकरीचे मोजे.
वर त्या फुलीकडे बघत.
शेजारच्या मॉरीनचा टीव्ही भिंतीतून ऐकू येत होता,
कुणीतरी काहीतरी जिंकत होतं.
मी बोळा हातात धरून शिडीवरच थांबले,
खाली उतरावं की नाही कळेना.

सप्टेंबरात ती परत गेली.
रविवारी फोन येतो.
छत कसं आहे?
घट्ट आहे.
फिरवून बघितलास?
आत्ताच नाही बघितला, म्हणते.
मग बघ, मी आहे फोनवर.
मी ड्रॉवरमधून पाना काढते, गुडघ्यावर बसते.
अर्धा आटा.